नवा जन्म आणि नीतिमान ठरणे: एकच गोष्ट की दोन?

नगरची लेक | सोमवार, रात्री ११:२०

सर्वांना सलाम.

धागा काढायचं कारण आधी सांगते. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मंडळी, तान्हेपणी बाप्तिस्मा, पंधराव्या वर्षी दृढीकरण (स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी), आणि पुढे चाळीस वर्षं त्यांनी शब्बाथ शाळेत मुलांना शिकवलं. गेल्या महिन्यात आमच्याकडे पुण्याला आले होते. शेजारच्या सोसायटीत घरगुती प्रार्थनासभा होती, तिथे गेले. साक्षीची वेळ आली तेव्हा कुणीतरी त्यांना विचारलं, "काका, तुमचा नवा जन्म कधी झाला? तारीख सांगा." त्यांना सांगता येईना. मग सगळ्यांसमोर त्यांना सांगण्यात आलं की तारीख नसेल तर तारण, म्हणजे पापापासून सुटका, नाही.

तेव्हापासून त्यांना झोप नाही. परवा रात्री अडीच वाजता मी पाणी प्यायला उठले तर ते स्वयंपाकघरात बसलेले. पुढ्यात शास्त्र (बायबल) उघडं, पण चष्मा डोळ्यांवर नव्हता. मला म्हणाले, "बाळ, रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय मी किती मुलांकडून पाठ करून घेतला. आपण विश्वासाने नीतिमान ठरलो, म्हणून देवाबरोबर शांती आहे. पण योहान तीनमध्ये प्रभू म्हणतो, नव्याने जन्मल्यावाचून राज्य दिसणारच नाही. मग मी नीतिमान ठरलोय पण जन्मलोच नाही, असं असतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हांला विचारते. या दोन्ही एकच गोष्टी आहेत का? वेगळ्या असतील तर आधी कुठली? आणि एक असून दुसरी नाही, असा माणूस असू शकतो का?

उपदेश नको, नीट उलगडून सांगा. मी त्यांना वाचून दाखवणार आहे.

शब्दशोध | सोमवार, रात्री ११:५८

ताई, काकांचा प्रश्न फार मोलाचा आहे. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसालाच असा प्रश्न पडतो.

दोन्ही एक नाहीत. आपल्या मराठी शास्त्रात वापरलेली क्रियापदं पाहा, फरक तिथेच आहे. एक आहे 'ठरणे', दुसरं आहे 'जन्मणे'.

'नीतिमान ठरवणे' हा न्यायसभेतला शब्द. अनुवाद २५:१ मध्ये न्यायाधीशांना सांगितलंय की वाद समोर आला की नीतिमानाला नीतिमान ठरवा आणि दोषीला दोषी ठरवा. न्यायाधीश निकाल देतो तेव्हा समोरच्या माणसाच्या आत काही बदलत नाही. दोषी ठरवल्यामुळे कुणी वाईट होत नाही, निर्दोष ठरवल्यामुळे कुणी चांगला होत नाही. बदलतं ते त्याचं स्थान. बेड्या निघतात, तो घरी जातो. रोमकरांस पत्र लिहिणारा पौल ग्रीकमध्ये जे क्रियापद वापरतो त्याचाही मुख्य अर्थ हाच: ठरवणे, घोषित करणे. रोमकरांस ८:३३-३४ मध्ये तर तो नीतिमान ठरवणं आणि दोषी ठरवणं एकमेकांसमोरच उभं करतो.

आता यातली अवघड जागा. नीतिसूत्रे १७:१५ म्हणतं की दुष्टाला नीतिमान ठरवणारा परमेश्वराला वीट आणतो. आणि रोमकरांस ४:५ म्हणतं की देव अधर्म्याला नीतिमान ठरवतो! दोन्ही खरं कसं? देवाने स्वतःच मनाई केलेली गोष्ट स्वतःच केली का? पौलाचं उत्तर वधस्तंभ हे आहे. करिंथकरांस दुसरं पत्र, ५:२१. ज्याला पाप ठाऊक नव्हतं त्याला आपल्यासाठी पाप केलं, यासाठी की आपण त्याच्या ठायी देवाचं नीतिमत्त्व व्हावं. निकाल खोटा नाही. तो कुणा दुसऱ्याच्या जिवावर लागलाय, एवढंच.

'नव्याने जन्मणे' हा न्यायसभेतला शब्द नाही, तो बाळंतिणीच्या खोलीतला आहे. योहान ३:३ मधल्या ग्रीक शब्दाचे दोन अर्थ होतात: 'पुन्हा' आणि 'वरून'. रात्री येशूला भेटायला आलेल्या निकदेमाने पहिला धरला आणि म्हणून तो विचारतो की म्हातारा माणूस आईच्या उदरात परत कसा जाणार. त्याच अध्यायात पुढे ३:३१ ला तोच शब्द येतो, तिथे अर्थ सरळ 'वरून' असा आहे. म्हणजे मुद्दा दुसऱ्यांदा जन्मण्याइतकाच कुणाकडून जन्मलो हाही आहे. इथे माणूस आतून बदलतो. यहेज्केल ३६:२६ आठवा: पाषाणमय हृदय काढून मांसमय हृदय देईन. निकदेम इस्राएलाचा गुरू होता, त्याला हे वचन आठवायला हवं होतं, म्हणूनच प्रभू त्याला तसं विचारतो.

थोडक्यात, एका ठिकाणी देव माझ्याविषयी काहीतरी बोलतो. दुसऱ्या ठिकाणी माझ्यामध्ये काहीतरी करतो.

साधा वाचक | मंगळवार, सकाळी ८:०५

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचतोय. दोन शंका आहेत, राग मानू नये. एक, तुम्ही याला पुनर्जन्म का म्हणत नाही? दोन, आमच्याकडे मुंज झाली की माणूस 'द्विज' होतो, म्हणजे दोनदा जन्मलेला. हे त्यासारखंच आहे का?

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ९:३०

राग कसला, दोन्ही शंका नेमक्या आहेत.

'पुनर्जन्म' हा शब्द मराठीत आधीच दुसऱ्या अर्थाने रुजलेला. देह जातो, जीव दुसऱ्या देहात येतो आणि कर्माचं खातं त्याच्या मागोमाग येतं. म्हणून आपल्या मराठी शास्त्रात 'नवा जन्म' आहे. तीताला लिहिलेल्या पत्रात (तीत ३:५) 'नवा जन्म' यासाठी आलेला ग्रीक शब्द नव्या करारात फक्त दोनदा येतो. दुसऱ्यांदा मत्तय १९:२८ ला, आणि तिथे तो एका माणसाबद्दल नसून सगळ्या सृष्टीच्या नव्या होण्याबद्दल आहे. म्हणजे एका माणसाचा नवा जन्म ही त्या मोठ्या नवेपणाची इथेच आलेली पहिली पालवी.

आणि तुमच्या शंकेतच ताईंच्या प्रश्नाचा एक धागा आहे. पुनर्जन्मात जन्म नवा पण खातं जुनंच. ख्रिस्ती शिकवणीत नुसता नवा जन्म देऊन भागत नाही, कारण नव्या जन्मलेल्या माणसाचंही जुनं खातं उरतंच. ते मिटवायला वेगळा निकाल लागतो, तोच नीतिमान ठरणं. म्हणून आपल्याला दोन शब्द लागतात.

'द्विज'बद्दल मी थोडं मनापासून लिहितो. सारखेपणा आहे: संस्कार, नवं नातं, नवा अधिकार. पण मुंजीचा अधिकार कुणाला, हे परंपरेत पहिल्या जन्मानेच ठरत आलं. योहान १:१३ नेमकं याच्या उलट सांगतं. हा जन्म रक्तापासून नाही, देहाच्या इच्छेपासून नाही, माणसाच्या इच्छेपासून नाही, देवापासून. माझे पणजोबा गावकुसाबाहेर राहिले. त्यांना अक्षर येत नव्हतं, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी त्यांना हे वचन तोंडी शिकवलं होतं आणि ते म्हातारपणी अंगणात बसून म्हणायचे. 'रक्तापासून नाही' या दोन शब्दांवर त्यांचा आवाज चढायचा, असं आजी सांगे. नव्या जन्माची शिकवण आमच्या घरात पुस्तकातून आली नाही, त्या आवाजातून आली. आपल्या मंडळ्यांमध्ये आजही लग्न जुळवताना मूळ जात विचारतात तेव्हा मला त्या आवाजाची फार आठवण येते.

मळ्यातला | मंगळवार, दुपारी २:१५

मी शेतकरी माणूस, ग्रीक येत नाही. पण काकांना समजेल असं एक सांगतो, आमच्याच घरात घडलेलं.

वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. थकत गेलं. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढला. तो उतारा हातात घेतला की वडील ती ओळ अंगठ्याने झाकायचे. शेवटी मामांनी स्वतःचे बैल आणि थोडे दागिने विकून कर्ज फेडलं. सोसायटीने बेबाकी दाखला दिला, तलाठ्याने फेरफार धरला, मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केला, बोजा कमी झाला. फेरफाराला नंबर आहे, तारीख आहे. त्या दिवशी वडील मोकळे झाले. त्यांनी एक रुपया दिला नव्हता. मामांनी दिला होता, पण मोकळे वडील झाले.

पण जमीन? ती त्याच दिवशी जशीच्या तशी होती. कालव्याच्या पाण्याने खालची दोन एकर चोपण झालेली. उन्हाळ्यात वर पांढरा थर यायचा, बियाणं टाकलं तर कुजायचं. कागद साफ, माती मेलेली. मग चर खणून पाणी काढलं, जिप्सम टाकलं, ताग आणि धैंचा पेरून गाडला. एका पावसाळ्यात सकाळी गेलो तर ताग तरारून वर आलेला. वडील बांधावर खाली बसले आणि हाताने माती उकरून वास घेतला.

कागदावरचा बोजा उतरणं म्हणजे नीतिमान ठरणं. मातीत जीव येणं म्हणजे नवा जन्म. एक दप्तरात होतं, एक रानात.

यात एक उणीव आहे, तीही सांगतो. आमच्याकडे बोजा उतरल्यावर माती चार वर्षं मेलेली राहिली. मामा बोजा उतरवू शकत होते, मातीत जीव घालणं त्यांच्या हातात नव्हतं. देवाचं तसं नाही. तो ज्याचा बोजा उतरवतो त्याची माती तशीच सोडत नाही. आणि काका, फेरफाराला तारीख असते पण ती दप्तरात असते. माती नेमकी कुठल्या रात्री जिवंत झाली हे मला आजही सांगता येणार नाही. ताग उगवलेला मात्र मी पाहिला.

नगरची लेक | मंगळवार, दुपारी ३:४०

मळ्यातला दादा, हे त्यांना फोनवर आत्ताच वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण "अंगठ्याने झाकायचे" हे वाक्य परत वाचायला सांगितलं.

वसईवाला | मंगळवार, रात्री ९:१०

कॅथलिक बाजू मांडतो, कारण आतापर्यंतचं सगळं प्रोटेस्टंट अंगाने आलंय.

आमच्या शिकवणीत हे दोन इतके वेगळे करत नाहीत. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी सांगितलं की नीतिमान ठरणं म्हणजे नुसती पापक्षमा नव्हे, आतल्या माणसाचं पवित्र आणि नवं होणंही त्यातच येतं. देव नीतिमान म्हणतो तेव्हा तो नीतिमान करतोही, कारण त्याचा शब्द पोकळ नसतो. 'प्रकाश होवो' म्हणाला आणि प्रकाश झाला. त्याच शब्दाने पापी माणसाला नीतिमान म्हटल्यावर आत काहीच घडू नये, हे मला पटत नाही. आणि हे सारं ज्या साधनाने होतं ते म्हणजे बाप्तिस्मा. तीत ३:५ मधलं 'नव्या जन्माचं स्नान' आम्ही अक्षरशः घेतो.

म्हणून काकांना विचारलेला प्रश्न मला कुणी विचारला तर मी तारीख सांगेन. ती आमच्या चर्चच्या रजिस्टरात आहे, वडिलांच्या आणि आजोबांच्या तारखेच्या बरोबरीने. मी तेव्हा तेरा दिवसांचा होतो. मी काहीच केलं नव्हतं, आणि त्यातच मला आधार वाटतो.

एक आनंदाची गोष्टही सांगतो. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघाने नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या पुण्याईने नाही, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा देतो, हे दोघांनी एका आवाजात म्हटलं. पुढे २००६ मध्ये मेथॉडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांची जागतिक संघटना त्यात सामील झाली. साडेचारशे वर्षांनी एवढं झालं. मतभेद संपलेले नाहीत, पण काकांच्या झोपेपुरता आपण सगळे एका बाजूला आहोत.

शब्दशोध | मंगळवार, रात्री १०:३५

वसईवाला दादा, छान मांडलंत. मतभेदाचं मूळ कुठे आहे तेवढं जोडतो.

ग्रीक शब्द लॅटिनमध्ये गेला तेव्हा त्याची फोड 'नीतिमान' अधिक 'करणे' अशी झाली. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या धर्मशिक्षकाने ती तशीच वाचली आणि पश्चिमेची मंडळी हजार वर्षं 'ठरवणे' नव्हे तर 'करणे' या अर्थाने चालली. सोळाव्या शतकात ल्यूथर आणि त्याचे सोबती ग्रीककडे परत गेले तेव्हा 'ठरवणे' पुन्हा वर आलं. मराठी भाषांतरात 'ठरणे' आलं हे आपलं भाग्य. एका साध्या क्रियापदात आख्खा वाद सुटतो.

तुमच्या 'शब्द पोकळ नसतो' या मुद्द्यावर मात्र माझं म्हणणं असं. देवाच्या निकालाबरोबर आत काम होतंच, पण निकाल त्या कामावर अवलंबून नाही. सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन या धर्मसुधारकाने याला सूर्याचं उदाहरण दिलं होतं. सूर्याचा उजेड आणि ऊब वेगळी काढता येत नाहीत, पण म्हणून जमीन उजेडाने तापते आणि उबेने उजळते असं कुणी म्हणत नाही. नीतिमान ठरणं आणि नवं होणं ख्रिस्ताच्या ठायी एकत्रच मिळतात, कारण ख्रिस्ताचे तुकडे होत नाहीत. पण माझा निकाल माझ्या नवेपणावरून लागत नाही.

हे एवढं ताणून का धरायचं? कारण उलट केलं की काकांचं झालं तसं होतं. माणूस रात्री अडीच वाजता स्वतःच्या आत बोटं घालून चाचपतो: मी पुरेसा बदललो का? ७८ वर्षांच्या प्रामाणिक माणसाला आत नेहमी थोडा अंधार सापडणारच.

कोणतं आधी, हेही ताईंनी विचारलं होतं. कॅल्व्हिनच्या वळणाची रिफॉर्म्ड परंपरा म्हणते नवा जन्म आधी, कारण मेलेला माणूस विश्वास ठेवू शकत नाही. योहानाचं पहिलं पत्र ५:१ मध्ये विश्वास ठेवणारा देवापासून 'जन्मलेला आहे' असं म्हटलंय, त्या क्रियापदाचा काळ ते आपल्या बाजूने दाखवतात. मेथॉडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली म्हणतो, काळाच्या हिशेबाने दोन्ही एकाच क्षणी, पण विचारांच्या क्रमाने नीतिमान ठरणं आधी. एक देवाने आपल्यासाठी केलेलं काम, दुसरं आपल्यामध्ये केलेलं काम, ही फोड वेस्लीचीच. यावर मी जास्त वेळ घालवणार नाही. बाळाचा श्वास आधी की रडणं आधी, हे दाईलाही सांगता येत नाही.

पहाटतारा | बुधवार, सकाळी ६:५०

प्रभूची स्तुती असो. मला थोडं वेगळं म्हणायचंय आणि ते प्रेमाने घ्यावं.

तारीख विचारणाऱ्यांची चूक झाली, काकांना सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतं. पण तारखेमागची तळमळ खरी आहे. मी स्वतः ख्रिस्ती घरात जन्मलो, बाप्तिस्मा झालेला, नाताळ आणि पुनरुत्थानाच्या दिवशी उपासना चुकली नाही, आणि बावीस वर्षं दारू प्यायलो. माझ्या बायकोने एका हाताने दोन मुलं वाढवली. मग एका रात्री प्रभूने मला धरलं. माझ्याकडे तारीख आहे, वेळही आहे. त्या आधी कुणी मला 'तू नीतिमान ठरलेला आहेस, शांत झोप' असं सांगितलं असतं तर मी झोपलो असतो, आणि त्याच झोपेत मेलो असतो.

पंडिता रमाबाईंचंच घ्या ना. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृत पंडिता, शास्त्र वाचलेल्या, विधवांसाठी जीव टाकणाऱ्या. आणि त्याच पुढे लिहितात की त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. मग १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, आली. नवा जन्म नसलेली मंडळी म्हणजे फक्त रजिस्टर, एवढंच मला म्हणायचंय.

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ११:२०

पहाटतारा बंधू, तुमची साक्ष वाचून डोळे भरले. तुमच्या तारखेबद्दल देवाची स्तुती करतो.

रमाबाईंचं उदाहरण तुम्ही काढलंत ते फार बरं झालं. त्यांची साक्ष मी अनेकदा वाचली आहे, आणि त्यात एक जागा आहे जिथे मी दर वेळी थांबतो. त्यांना टोचत काय होतं? देवासमोर उभं राहायची आपली तयारी नाही, पापाची सत्ता आपल्यावर आहे, आपण देवाचं मूल आहोत अशी आत्म्याची साक्ष आपल्याला नाही. ही सगळी नव्या जन्माची भाषा, रोमकरांस आठव्या अध्यायातली. मग शेवटी, स्वतःचं सगळं बळ संपल्यावर, त्यांनी तारणाऱ्याला मागितलं काय? दया कर, आणि तूच माझं नीतिमत्त्व आणि माझी मुक्ती हो.

लक्षात येतंय ना? आत बदल हवा होता आणि मागितलं बाहेरचं नीतिमत्त्व. 'मला नीतिमान कर' असं त्यांनी म्हटलं नाही, 'तू माझं नीतिमत्त्व हो' असं म्हटलं. करिंथकरांस पहिलं पत्र १:३० चा तो सूर. शांती त्या निकालातून आली आणि नवं जीवन तिच्याबरोबर आलं. जी बाई आठ वर्षं स्वतःच्या आत शोधत होती ती बाहेर पाहू लागली तेव्हा आतही उजाडलं.

म्हणून मी असं म्हणेन. झोपलेल्याला उठवायला नवा जन्म सांगावा. घाबरलेल्याला धीर द्यायला नीतिमान ठरणं सांगावं. तुम्ही बावीस वर्षं झोपला होता, तुम्हांला पहिलं हवं होतं. काका झोपलेले नाहीत बंधू, त्यांना तर झोपच येत नाही. सभेत त्यांना चुकीचं औषध दिलं गेलं.

आणि दुसऱ्या बाजूने माझ्याच मंडळीला सांगतो: नीतिमान ठरण्याची शिकवण ऐकून घरी बायकोला मारणारा माणूस आमच्याकडे पहिल्या बाकावर बसलेला मी पाहिलाय. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायातला मेलेला विश्वास तो हाच. त्या माणसाला धीर देऊ नये. त्याला निकदेमासारखं रात्री बोलावून बसवावं.

पहाटतारा | बुधवार, दुपारी १२:०५

मान्य. पूर्ण मान्य. काकांना माझा सलाम सांगा, आणि त्या सभेतल्या लोकांच्या वतीने मी क्षमा मागतो. माझी प्रार्थनाही त्यांच्यासाठी आहे.

नगरची लेक | बुधवार, रात्री ९:४५

बाबांना सगळं वाचून दाखवलं. रमाबाईंचं ऐकताना ते उठून बसले. त्यांचा एकच प्रश्न राहिलाय, त्यांच्याच शब्दांत लिहिते: "तारीख ठाऊक नसेल तर जन्म झालाय हे ओळखायचं कशावरून?"

मळ्यातला | बुधवार, रात्री १०:१०

काका, माझ्या आईला तिची जन्मतारीख माहीत नाही. 'पुराच्या वर्षी, ज्वारी काढणीला आली तेव्हा' एवढंच सांगते. पण ती रोज पहाटे उठून चूल पेटवते, जिवंत आहे. आणखी काय सांगू.

शब्दशोध | बुधवार, रात्री १०:५०

योहानाचं पहिलं पत्र याचसाठी लिहिलेलं आहे. बंधूंवर प्रेम करतो यावरून आपल्याला कळतं की मरणातून जीवनात आलो (३:१४). पापात आनंदाने मुक्काम करवत नाही. देवाला 'अब्बा' (बापा) म्हणावंसं वाटतं. ही खूण आहे, आणि काकांनी ती स्वतःच्या आत शोधू नये, त्यांनी शिकवलेल्या मुलांना विचारावी. ताई, तुम्हीच त्यांतल्या एक आहात.

पण खुणांवर झोपू नये, झोपायचं ते निकालावर. लूक १८ मधला जकातदार आठवा. लांब उभा राहिला, वर पाहायला धजेना, ऊर बडवत एवढंच म्हणाला की हे देवा, मज पाप्यावर दया कर. त्याला कुणी साक्ष विचारली असती तर सांगायला काही नव्हतं. त्याच्याबरोबर प्रार्थनेला आलेल्या, धर्म काटेकोर पाळणाऱ्या परूशाकडे सांगायला भरपूर होतं: उपास, दशांश, इतरांपेक्षा आपण किती वेगळे. प्रभू म्हणतो, जकातदार नीतिमान ठरून घरी गेला. त्याला ते कळलं होतं की नाही, हे लूक लिहीत नाही. प्रभूला माहीत होतं.

आणि तीत ३:५ ते ७ तिन्ही वचनं एकत्र वाचा. नवा जन्म पाचव्यात आहे, नीतिमान ठरणं सातव्यात आहे, आणि सगळं मिळून एकच वाक्य आहे. तुमच्या दोन्ही प्रश्नांची जोड तिथे आहे.

नगरची लेक | शुक्रवार, सकाळी ७:३०

काल लिहायला जमलं नाही. बुधवारी रात्री तीत तीन वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "मी मुलांना पाचव्या वचनावर थांबवायचो. छोटं पडायचं म्हणून. सातव्यापर्यंत न्यायला हवं होतं." मग म्हणाले चष्मा दे.

आज पहाटे पाचला मला हाक मारली. मी घाबरून गेले. ते त्याच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर, पण चष्मा लावलेला आणि बोट योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायावर. म्हणाले, "निकदेमाचं पुढे काय झालं ते पाहत होतो. तिसऱ्या अध्यायात तो गप्प होतो. 'झालो मी नव्याने जन्मलेला' असं तो कुठेच म्हणत नाही. सातव्यात सभेसमोर येशूची थोडी बाजू घेतो, आणि एकदम इथे येतो, येशूचं शव पुरायला, शंभर लित्रे गंधरस आणि अगरू घेऊन." मी मोबाइलवर पाहिलं, ते सुमारे ३३ किलो होतं.

"रात्री चोरून आलेला माणूस," बाबा म्हणाले, "सगळे शिष्य पळाले तेव्हा उजेडी एवढं ओझं घेऊन आला. आणि ज्याला प्रभूने नव्या जन्माचं सांगितलं, त्याचीच तारीख शास्त्रात नाही."

आता ते झोपलेत. साडेसात वाजले तरी उठवलेलं नाही.